म्हाताऱ्या मेंढीला नमस्कार

मी मेंढपाळ आहे, असं मी आयुष्यात एकदाच सांगितलं, आणि तेही एका खोलीसाठी.

१९८५ चा सप्टेंबर होता. पुण्याहून कॉम्प्युटर सायन्समध्ये एम.एस. करायला मी सिअ‍ॅटलला आलो होतो आणि पहिले पंधरा दिवस शैलेंद्रच्या सोफ्यावर काढले होते. शैलेंद्र नागपूरचा, माझ्याच डिपार्टमेंटला, एक वर्ष पुढे. माणूस सोन्यासारखा, पण सोफ्याच्या स्प्रिंगा वर आलेल्या. युनिव्हर्सिटीच्या फळ्यावर एक चिठ्ठी दिसली: तळ्यापलीकडे, बेलव्ह्यूला, एक आजीबाई तळघरातली खोली विद्यार्थ्याला राहायला देते. भाडं नाही. बदल्यात अंगणातलं गवत कापायचं आणि पन्हळीत साठलेली पानं काढायची. दोन बसेस बदलून मी तिथं पोचलो, तर माझ्या आधी चारजण खोली बघून गेलेले.

मिसेस एडना सोरेन्सन सत्तरीच्या पुढच्या, काठीसारख्या सरळ. त्यांच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर एक मोठा फोटो होता. उघडाबोडका डोंगर, जाड रंगीत ब्लँकेट पांघरलेला एक माणूस, हातात काठी आणि भोवती मेंढ्याच मेंढ्या.

"हा लेसोथो," त्या म्हणाल्या. "आफ्रिकेतला डोंगराळ देश. आमच्या चर्चचं तिथं अगदी वरच्या डोंगरात मिशन आहे. खाली गावोगाव चर्चेस आहेत, पण वर्षभर मेंढ्यांमागे वरच राहणाऱ्या लोकांपर्यंत कुणी जात नाही. म्हणून आम्ही जातो. तुमच्या इंडियात असतात का मेंढपाळ?"

"असतात की," मी म्हणालो. इथपर्यंत सगळं खरं होतं.

"तुझा कधी संबंध आला त्यांच्याशी?"

आला होता. कात्रजच्या घाटात एकदा मेंढ्या आडव्या आल्या म्हणून आमची एसटी वीस मिनिटं थांबली होती आणि मी खिडकीतून बघत शेंगा खाल्ल्या होत्या. पण त्या आजीबाईंच्या डोळ्यांत अशी काही आशा होती, आणि त्यांच्या मागच्या दारातून तळघराचा जिना असा काही दिसत होता, की उचलली जीभ लावली टाळ्याला.

"माझ्या वडिलांच्याच मेंढ्या आहेत," मी म्हणालो. "दोनशे."

माझे वडील पोस्टात हेडक्लार्क. राहणार शनिवार पेठ. घरात साधं मांजर शिरलं तरी वर्तमानपत्राची सुरळी घेऊन मागे धावणारा माणूस.

मिसेस सोरेन्सननी दोन्ही हात छातीवर घेतले. "देवानंच तुला पाठवलंय," त्या म्हणाल्या, आणि खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. देवानं मला का पाठवलं होतं, ते पुढच्याच शनिवारी कळलं. त्याचं नाव डेल.

डेल हा मिसेस सोरेन्सनच्या वारलेल्या बहिणीचा नातू. चोवीस वर्षांचा, दारातून वाकून आत येणारा, आणि इतका लाजाळू की हात मिळवतानाही स्वतःच्या बुटांकडे बघायचा. सुपरमार्केटमध्ये भाजीच्या विभागात कामाला होता. बारा वर्षांचा असताना चर्चमध्ये त्यानं लेसोथोच्या स्लाइड्स बघितल्या होत्या, आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. त्या डोंगरात जायचं, त्या लोकांमध्ये राहायचं, त्यांना येशूची गोष्ट सांगायची. चांगली बारा वर्षं एकच वेड. मला पुण्यात बारा वर्षांत सतरा वेडं लागून गेली होती.

पण कुणालाही उचलून आफ्रिकेत पाठवत नाहीत. चर्चची पाच जणांची मिशन कमिटी होती आणि तिच्यासमोर नमुन्याचं प्रवचन करून दाखवावं लागे. आदल्या वर्षी डेलनं केलं, आणि कमिटीनं त्याला परत पाठवलं. 'तू मेंढपाळांशी बोलतोयस असं वाटतच नाही, वर्गात धडा वाचून दाखवतोयस असं वाटतं,' म्हणाले. आता एप्रिलमध्ये दुसरी संधी होती. तिसरी कुणालाच देत नसत. शिवाय वरच्या मिशनमधले म्हातारे पाद्री निवृत्त होऊन परत आले होते, घराला कुलूप होतं, आणि या वर्षी कुणी मिळालं नाही तर ते कुलूप कायमचं राहणार होतं.

"म्हणून तू मला मदत कर," डेल स्वतःच्या बुटांना म्हणाला. "तू खरा मेंढपाळ आहेस. मी तुझ्यासमोर प्रॅक्टिस करतो. चुकलं की सांग."

आता, एखाद्या सज्जन माणसानं इथं कबुली दिली असती. मी कॉफीत साखर घातली आणि म्हणालो, "चालेल."

मग दर शनिवारी सकाळी मिसेस सोरेन्सनच्या स्वयंपाकघरात आमचा खेळ सुरू झाला. मी त्यांच्या सोफ्यावरचं विणलेलं पांघरूण खांद्यावर घेऊन, हातात फरशी पुसायच्या झाडूचा दांडा धरून खुर्चीवर बसायचो. डेल ओट्याशी उभा राहून मला देव समजावायचा. आणि मी कपाळाला आठ्या घालून म्हणायचो, "छे, छे. असं बोललास तर मेंढपाळ उठून जाईल."

मला इतकी मजा येत होती की काय सांगू! आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझा शब्द न् शब्द वहीत लिहून घेत होतं. निळ्या पुठ्ठ्याची वही होती त्याची. मी तिच्यात काय काय भरलं! मेंढ्यांच्या कळपाजवळ गेलं की माणसांशी बोलण्याआधी सर्वांत म्हाताऱ्या मेंढीला वाकून नमस्कार करायचा, नाहीतर मेंढपाळ तुमचं ऐकूनच घेत नाहीत. एडक्यासमोर शिंक आली तर पाठ फिरवून शिंकायचं, नाहीतर एडका ते आव्हान समजतो. वारा बदलला की टोपी उलटी घालायची. मेंढपाळ आणि त्याच्या मेंढ्या यांच्या मध्ये कधी उभं राहायचं नाही. डेल सगळं लिहायचा आणि खाली रेघ मारायचा. एकदा मी तळघरातून वर आलो तर हा सहा फूट चार इंची माणूस मिसेस सोरेन्सनच्या विणकामाच्या टोपलीसमोर कमरेत वाकून उभा.

"सर्वांत म्हातारी मेंढी कोणती ते ओळखायचं कसं?" त्यानं मला विचारलं.

"ती तुला ओळखते," मी म्हणालो. तेही त्यानं लिहून घेतलं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी त्यानं वही मिटून ठेवली. म्हणाला, "आज मी माझी खरी गोष्ट सांगतो. ही मी शेवटी सांगणार आहे." आणि त्यानं हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली. येशूची ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. शंभरातली एक मेंढी हरवते, तर मेंढपाळ नव्व्याण्णव रानात सोडून त्या एकीला शोधायला जातो, आणि सापडली की खांद्यावर घालून आणतो. डेलचा आवाज एरवी दबका असायचा. ही गोष्ट सांगताना तो मोकळा झाला, हात हलायला लागले, आणि तो बुटांकडे नाही तर माझ्याकडे बघत होता.

मला तिथंच गप्प बसता आलं असतं. पण पुण्यात वाढलेल्या माणसाला समोर चूक दिसली की ती काढल्याशिवाय घास उतरत नाही.

"एक मिनिट," मी म्हणालो. "त्या नव्व्याण्णव कुणाच्या भरवशावर सोडल्या?"

"रानात," डेल म्हणाला.

"आणि लांडगा आला तर? एकीपायी नव्व्याण्णव घालवायच्या? हा कसला हिशेब? माझे वडील असते तर म्हणाले असते, एक गेली ती गेली, उरलेल्या सांभाळा. डेल, खरं सांगतो, कुठलाही शहाणा मेंढपाळ असं करणार नाही. ते लोक तुला हसतील."

त्याची पेन्सिल हातातच राहिली. "कुणीच जाणार नाही?"

"कुणीच नाही," मी दांडा आपटून म्हणालो.

त्यानं वही उघडली, शेवटची दोन पानं काढली, आणि त्यांच्यावर आडवी रेघ मारली. मला काय वाटलं सांगू? दोन हजार वर्षांत कुणाच्या लक्षात न आलेली गोची मी, शनिवार पेठेतल्या गिरीशनं, बेलव्ह्यूच्या स्वयंपाकघरात पकडली, असं वाटलं. दुपारी शैलेंद्रला फोन करून मी ती शौर्यकथा दोनदा सांगितली.

त्यानंतर डेल यायचा, पण त्याचं लक्ष नसायचं. मिसेस सोरेन्सन एकदा बटाटे सोलता सोलता म्हणाल्या, "त्या एका गोष्टीसाठी तर त्याला जायचं होतं. आता म्हणतो, ती गोष्ट मेंढपाळांना सांगण्यासारखी नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण मी न सांगताच दुसरी सुरी घेऊन बटाटे सोलायला बसलो.

एप्रिलमध्ये महाराष्ट्र मंडळाचा पाडवा एका शाळेच्या कॅफेटेरियात झाला. शनिवार होता. दुसऱ्या दिवशी, रविवारी, डेलचं प्रवचन होतं. आम्ही विद्यार्थी मंडळी जेवणाच्या रांगेत होतो आणि शैलेंद्र मला कोपरानं ढोसत होता.

"अरे यार, ती म्हाताऱ्या मेंढीची स्टोरी सांग ना कांचनला! मी हसून हसून मेलो होतो."

कांचन मुंबईची, बायॉलॉजीत पीएच.डी. करणारी. मी साग्रसंगीत सांगितलं: नमस्कार, शिंक, टोपी, आणि शेवटी माझा हुकमाचा पत्ता, नव्व्याण्णव मेंढ्या. शैलेंद्र डोळे पुसत होता.

"You're horrible," कांचन म्हणाली. "त्या बिचाऱ्याचं फ्यूचर आहे, आणि तू टाइमपास करतोयस?"

टेबलापलीकडे श्रीखंड वाढायला त्र्यंबककाका होते, मंडळाचे अध्यक्ष. विमानाच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, रेडमंडला घर, पन्नाशीचे, कायम इस्त्रीचा शर्ट. भाषण एक मिनिट लांबलं तर घड्याळ दाखवणारा माणूस. आम्हा विद्यार्थ्यांना त्यांचा धाकच वाटायचा. माझी गोष्ट संपली तेव्हा त्यांचा डाव श्रीखंडात तसाच उभा होता.

"त्या मुलाला काय सांगितलंस तू? एक गेली ती गेली?" त्यांनी विचारलं.

"हो काका," मी हसत म्हणालो. "लॉजिकच आहे ना."

त्यांनी माझ्या ताटात श्रीखंड वाढलं. नेहमीपेक्षा कमी. "उद्या किती वाजता आहे त्याचं?"

"दोनला. का?"

"मी येतो," काका म्हणाले, आणि पुढच्या माणसाकडे वळले. मला वाटलं, काकांनाही गंमत बघायची असेल.

चर्चच्या तळघरातला हॉल. लांब टेबलामागे कमिटीचे पाचजण, समोर घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात कॉफीचं मोठं भांडं आणि मिसेस सोरेन्सननी केलेला वेलदोड्याचा गोड पाव. कमिटीत मधोमध मिस होम नावाच्या बाई होत्या, लहानखुऱ्या, सुरकुतलेल्या. त्यांनी त्याच डोंगरात तीस वर्षं नर्स म्हणून काढली होती. हे मला त्या दिवशी, त्या क्षणी कळलं. माझ्या शेजारी त्र्यंबककाका कोट-टाय घालून बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून.

डेल उभा राहिला. हातात निळी वही. "प्रथम," तो म्हणाला, "मी सर्वांत म्हाताऱ्या मेंढीला वंदन करतो." आणि तो कॉफीच्या भांड्याच्या दिशेनं कमरेत वाकला.

मग डेलनं टोपी उलटी का घालावी ते सांगितलं. शिंकेबद्दल सांगितलं. एक म्हातारे सदस्य दुसऱ्याकडे बघायला लागले. मी खुर्चीत जितका खाली सरकता येईल तितका सरकलो.

"थांब, डेल," मिस होम म्हणाल्या. आवाज मऊ होता. "तीस वर्षांत यातलं एकही मी पाहिलेलं नाही. कुठून आणलंस हे?"

"गिरीशनं शिकवलं," डेल म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर अजूनही विश्वास होता, तेच वाईट. त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. "तो मेंढपाळ आहे. इंडियातला. त्याच्या वडिलांकडे दोनशे मेंढ्या आहेत."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. काकांनी मान वळवली नाही. समोर बघतच, ओठही न हलवता ते मराठीत म्हणाले, "ऊठ."

मी उठलो. "माझे वडील पोस्टात आहेत," मी म्हणालो. "मेंढ्या... मेंढ्या मी एसटीतून पाहिल्यात. बसमधून. खोली मिळावी म्हणून मी खोटं बोललो. आणि मग गंमत म्हणून बोलतच राहिलो. वहीतलं सगळं मी मनानं रचलेलं आहे."

मला हशा चालला असता. शिव्या चालल्या असत्या. पण डेलनं फक्त वही मिटली आणि परत बुटांकडे बघायला लागला, आणि मिसेस सोरेन्सननी पावाची सुरी हळूच खाली ठेवली. त्या दिवशी मला माझी लाज वाटली, आणि ती पुढे बरेच दिवस गेली नाही.

"सगळं रचलेलं नाही," शेजारून आवाज आला. त्र्यंबककाका उभे होते. "एक बरोबर आहे. मेंढपाळ आणि मेंढ्या यांच्या मध्ये कधी उभं राहू नये. ते याला चुकून जमलं."

"आपण?" मिस होमनी विचारलं.

"मी त्र्यंबक. विमानांचं वायरिंग डिझाइन करतो. चौदाव्या वर्षी शाळेच्या वसतिगृहात गेलो, तोपर्यंत मेंढ्या राखत होतो. माझा बाप, आजा, पणजा, सगळे धनगर. आम्ही वर्षातले आठ महिने कळपाबरोबर चालत असायचो."

मी काकांकडे बघतच राहिलो. सहा महिने मी त्यांना मंडळात भेटत होतो, त्यांच्या घरी दिवाळीचं जेवलो होतो, आणि तुम्ही कुठले, असं एकदाही विचारलं नव्हतं. हुशार माणसाला कशाला काय विचारायचं असतं!

काका डेलकडे वळले. "हरवलेल्या मेंढराची गोष्ट का काढून टाकलीस?"

"कुठलाही शहाणा मेंढपाळ नव्व्याण्णव सोडून जाणार नाही, म्हणून," डेल पुटपुटला.

"नव्व्याण्णव काय करतात माहीत आहे?" काका म्हणाले. "भर उन्हात मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकं घालून उभी राहतात. गोल करून. कुठं जात नाहीत. कुत्री असतात, बाया असतात, पोरं असतात. नव्व्याण्णवांना नव्व्याण्णवांचा आधार असतो. एकटं पडलेलं मेंढरू मात्र चरत नाही, ओरडत नाही, नुसतं उभं राहतं. आणि दुसरं सांगतो. हा गिरीश हिशेब करतो, कारण त्यानं शंभर मेंढ्या खिडकीतून बघितल्या. माझ्या बापानं आयुष्यात कधी मेंढरं मोजली नाहीत. मोजली की नजर लागते म्हणायचा. संध्याकाळी कळप आत घेताना दारात उभा राहून तो एकेकीचं तोंड बघायचा. प्रत्येकीचं तोंड वेगळं असतं. एक कमी आहे असं त्याला कळायचं नाही. कोण आली नाही, ते कळायचं. आणि मग तो काठी घेऊन निघायचा. एकदा दोन दिवस आला नव्हता. शहाणा होता की वेडा, ते तुम्ही ठरवा. मी त्याच्याइतका शहाणा माणूस पुढे पाहिला नाही."

काका खाली बसले. मिस होम मान हलवत होत्या. "तिकडेही तसंच," त्या म्हणाल्या. "तोंडावरून."

डेलनं वही खुर्चीवर ठेवली. आणि काही प्रस्तावना न करता, सरळ काकांकडे बघून, त्यानं ती गोष्ट सांगायला सुरुवात केली. मला ऐकवलेली होती तीच, पण आता त्यात एक कळप होता, उन्हात डोकी घालून उभा असलेला, आणि दारात एक माणूस तोंडं बघत होता. पाच मिनिटांत संपली.

"आणि तिथं तुला लोक हसले तर?" मिस होमनी एकच प्रश्न विचारला.

"हसणारच," डेल म्हणाला. "मला त्यांच्या मेंढ्यांची तोंडं ओळखता येत नाहीत. पहिलं वर्ष मी त्यांच्यामागे पाणी वाहीन. तोंडं शिकेन. गोष्ट नंतर."

कमिटीनं त्याला पंधरा मिनिटं बाहेर बसवलं आणि परत बोलावून होकार दिला. डेल पहिल्यांदा काकांच्या गळ्यात पडला. मग माझ्याही पडला, आणि ते फार अवघड गेलं.

मिसेस सोरेन्सननी मला गाडीत घालून घरी आणलं. मी मनातल्या मनात बॅग भरत होतो, शैलेंद्रच्या सोफ्याच्या स्प्रिंगा पाठीला जाणवत होत्या. दारात किल्ली फिरवताना त्या म्हणाल्या, "गवत फार वाढलंय." मी कोट काढला आणि मशीन बाहेर आणलं. त्या दिवशी मी पुढचं कापलं, मागचं कापलं, आणि शेजाऱ्यांचंही कापलं.

मला शिक्षा दिली ती काकांनी. जूनपर्यंत दर शनिवारी ते डेलला घेऊन डोंगरापलीकडच्या एका मेंढ्यांच्या फार्मवर जात, आणि मला बरोबर यावंच लागे. डेल मेंढ्यांची तोंडं शिकायचा. मी लेंड्या झाडायचो. "तुझ्या वडिलांच्या दोनशे आहेत ना," काका म्हणायचे, "हात बसलेला असेल." माझ्या बुटांचा वास शैलेंद्रला बसमध्येही यायचा, आणि ते तो सगळ्यांना सांगायचा. करायला गेलो गणपती, झालं माकड.

ऑगस्टमध्ये डेल गेला.

पुढच्या मार्चमध्ये त्याचं पत्र आलं, माझ्या नावावर. पातळ निळा कागद, दोन्ही बाजूंनी पेन्सिलीनं भरलेला. मी ते रविवारी सकाळी स्वयंपाकघरात मिसेस सोरेन्सनना वाचून दाखवलं आणि मग त्र्यंबककाकांना फोन लावून त्यांनाही.

डेलनं लिहिलं होतं की पहिले तीन महिने त्याच्याशी कुणी फारसं बोललंच नाही. दगडी झोपडीबाहेर बसायचा, पाणी आणायचा, थंडीनं काकडायचा. एके सकाळी तो एका नव्या कळपाजवळ गेला आणि घाबरल्यामुळे, जुन्या सवयीनं, एका म्हाताऱ्या मेंढीसमोर कमरेत वाकला. बारा मेंढपाळ हसता हसता जमिनीवर लोळले. एकानं तर त्याला पुन्हा करायला लावलं, मग आपल्या भावाला बोलावून तिसऱ्यांदा. संध्याकाळी त्यांनी त्याला शेकोटीपाशी आत घेतलं. आता त्या भागात त्याचं नावच 'मेंढीला नमस्कार करणारा' असं पडलंय.

फोनवर काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. "बघ," ते म्हणाले, "तुझी थापसुद्धा कामाला आली. माजू नकोस मात्र."

"पुढे ऐका," मी म्हणालो, आणि शेवटचा भाग वाचला. गेल्या महिन्यात शेकोटीभोवती डेलनं त्यांना ती गोष्ट सांगितली होती. कुणी हसलं नाही. कुणी नव्व्याण्णवांचं काय झालं असंही विचारलं नाही. एक म्हातारा मात्र म्हणाला, 'ती हरवलेली कशी होती दिसायला?' डेलला सांगता आलं नाही. तो म्हातारा अजून रोज विचारतो. 'तुझ्या काकांना विचार,' डेलनं लिहिलं होतं. 'मला काहीतरी रचून सांगायचं नाही.'

मला वाटलं, काका यावर विचार करतील.

"काळ्या तोंडाची," काका लगेच म्हणाले. "डाव्या कानाला चीर. पुढचा उजवा पाय जरा आखडून टाकायची."

मी पेन्सिल शोधली. "काका, ही... ही खरीच होती? तुमचे वडील दोन दिवस गेले ती?"

"हो."

"मग सापडली?"

"तिला वळवून आणायचं काम माझं होतं," काका म्हणाले. "मागं राहिलेली मी बघितली होती. अंधारून आलं होतं, ओढ्यापलीकडं जायचं मला भ्या वाटलं. नऊ वर्षांचा होतो. मला वाटलं, येवढ्या आहेत, एक नसली तर कुणाला कळतंय. बा दारात उभा राहिला आन् लगेच म्हणाला, कानफाटी कुठंय? दोन दिवसांनी रिकाम्या हातानं आला. मला एक शब्द बोलला न्हाई."

मी कागदावर पेन्सिलीनं 'कानफाटी' असं लिहिलं.

"लिही त्याला," काका म्हणाले. "कान, पाय, तोंड. सगळं लिही. म्हाताऱ्याला सांग म्हणावं."

त्याच दुपारी मी डेलला पत्र लिहिलं. काकांनी सांगितलं तसंच्या तसं लिहिलं, माझ्या पदरचं एक अक्षर घातलं नाही.